दोन तवे आणि एकच लाटणं : रेड, एसएसडी आणि घरचा कॉम्प्युटर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. प्रबंधाचं दुसरं प्रकरण (आपल्या आधी कोणी काय काम करून ठेवलंय त्याचा आढावा) गाइडकडे दोनदा जाऊन लाल शाईत न्हाऊन परत आलं, त्यामुळे ब्लॉग मागे पडला. पण त्याच प्रकरणासाठी एक १९८८ सालचा शोधनिबंध पुन्हा नीट वाचावा लागला आणि नेमका त्याच आठवड्यात सांगलीहून मावसभावाचा फोन आला. दोन्ही गोष्टी एकमेकांना अशा काही जुळल्या की म्हटलं, हे लिहायलाच हवं.

मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घरातल्याच एका खोलीत, घरच्याच कॉम्प्युटरवर. त्याचं म्हणणं असं : "दादा, दुकानदार म्हणतोय दोन टीबीची एक एसएसडी घेण्यापेक्षा एक-एक टीबीच्या दोन घे. रेड-झीरो करून देतो, स्पीड डबल. घेऊ का?"

मी नको म्हणालो. त्याने "का?" विचारलं. मग पंधरा मिनिटं मी फोनवर बोललो आणि शेवटी तो म्हणाला, "पण दोन म्हणजे डबलच ना?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं सावकाश दिलेलं उत्तर. त्याला इतक्या घाईने नको म्हणण्यामागे माझं एक जुनं पापही आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

ज्यांनी रेड हा शब्द ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अनेक डिस्क एकत्र बांधून कॉम्प्युटरला ती एकच मोठी डिस्क आहे असं भासवायचं, याला रेड म्हणतात. बांधण्याचे प्रकार अनेक. रेड-० मध्ये फाइलचे पट्टे पाडतात; पहिला पट्टा या डिस्कवर, दुसरा त्या डिस्कवर, तिसरा पुन्हा या डिस्कवर. वाचताना दोन्ही डिस्क एकदम कामाला लागतात म्हणून वेग दुप्पट, हा हिशोब. रेड-१ मध्ये तीच गोष्ट दोन्हीकडे लिहितात, एक गेली तर दुसरी आहे. रेड-५ मध्ये निदान तीन डिस्क लागतात आणि एखादी गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातलं गणिताने परत काढता येतं. घरगुती वेगवेड्यांचा आवडता प्रकार अर्थातच रेड-०.

आता १९८८ कडे जाऊ.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे दोन प्राध्यापक आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा विद्यार्थी (हो, पीएचडीचा विद्यार्थी, आमच्यासारखाच) यांनी शिकागोच्या सिगमॉड परिषदेत एक निबंध मांडला. त्यातला 'रेड' हा शब्द पुढे सगळ्या जगाने उचलला. त्या काळी मोठ्या संस्थांकडे मेनफ्रेम असायचे आणि त्यांना जोडलेल्या डिस्क म्हणजे कपाटं. निबंधात उदाहरण घेतलंय ते आयबीएमच्या ३३८० चं. १४ इंचांच्या तबकड्या, ७,५०० एमबी जागा आणि वीज खायची ६,६०० वॉट. तिच्या शेजारी तक्त्यात एक चिमुकली डिस्क ठेवलीय, कॉनर कंपनीची सीपी ३१००. साडेतीन इंच, १०० एमबी, १० वॉट. ही कोणासाठी बनवलेली? पर्सनल कॉम्प्युटरसाठी. म्हणजे तुमच्या-आमच्या टेबलासाठी.

तिघांचं म्हणणं असं होतं की या ७५ छोट्या डिस्क एकत्र बांधल्या तर जागा आयबीएमच्या कपाटाएवढीच होते, वीज फक्त ७५० वॉट लागते, आणि एका सेकंदात पुऱ्या करता येणाऱ्या वाचन-लेखनाच्या मागण्या सुमारे बारापट. बड्या लोकांच्या यंत्रशाळेत घरगुती डिस्कने घुसखोरी करायची, असा सगळा बेत. म्हणून तर नावात 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, हा शब्द होता. पुढे हे तंत्र विकणाऱ्यांच्या पेट्या काही स्वस्त राहिल्या नाहीत. त्या अक्षराचा अर्थ मग गुपचूप 'इंडिपेंडंट' असा झाला. मला या बदलाची नेहमी गंमत वाटते.

पण खोच पुढे आहे. अशी एक डिस्क बिघडायला सरासरी ३०,००० तास लागतात असं धरलं, तर शंभर डिस्कच्या जुडग्यातली कुठली तरी एक बिघडायला सरासरी ३०० तास. बारा-तेरा दिवस! म्हणजे नुसत्या डिस्क जोडल्या तर पंधरवड्याच्या आत सगळं धुऊन निघणार. निबंधाचा बराचसा भाग यावरच खर्च झालाय. बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर परत कसा मिळवायचा याच्या पाच पद्धती त्यात आहेत, त्यांना पायऱ्या म्हटलंय, एक ते पाच. नीट लक्ष द्या, शून्य नावाची पायरी त्यात नाही. रेड मधलं पहिलं अक्षर 'रिडंडंट' साठी आहे, म्हणजे जादा राखीव ठेवलेलं. ज्या मांडणीत राखीव काहीच नाही तिला नंतर कोणीतरी शून्य म्हणायला लागलं आणि ते चिकटलं. दुकानदार माझ्या भावाला जे विकत होता, ते मूळ निबंधाच्या हिशोबाने रेडच नव्हतं.

आणि आता ज्या परिच्छेदासाठी मी हा निबंध पुन्हा वाचला, तो. सुरुवातीलाच लेखकांनी जीन अॅमडाल यांचा नियम सांगितलाय. अॅमडाल यांनी तो १९६७ साली मांडला. नियम साधा आहे : कामाच्या एका भागाचा वेग तुम्ही कितीही वाढवा, उरलेला भाग तेवढाच वेळ खात राहतो. निबंधातलं उदाहरण : समजा एखादा प्रोग्राम १० टक्के वेळ डिस्कची वाट बघण्यात घालवतो. प्रोसेसर दसपट वेगवान केला तर काम दसपट नाही, जेमतेम पाचपट लवकर होईल. प्रोसेसर शंभरपट वेगवान केला तरी काम दसपटीच्या आतच अडकेल. कारण डिस्क तिथेच बसलीय. म्हणून डिस्क सुधारायला हव्यात, म्हणून रेड. असा त्यांचा युक्तिवाद.

आता हाच नियम उलटा करून बघा. प्रोग्राम १० टक्के वेळ डिस्कवर आणि ९० टक्के वेळ प्रोसेसरवर घालवत असेल, आणि तुम्ही डिस्क दुप्पट वेगवान केलीत, तर १०० सेकंदांचं काम ९५ सेकंदांत होईल. बस. डिस्क अनंतपट वेगवान केलीत तरी ९०. रेड का हवं हे सांगणारा नियम आणि घरी रेड-० का नको हे सांगणारा नियम एकच आहे, आणि तो एकाच निबंधात पहिल्या काही पानांत बसलेला आहे. इतकी वर्षं तो तिथे आहे. आम्ही सगळे तो वाचतो, संदर्भयादीत टाकतो आणि पुढे जातो.

बर्कलीच्या मंडळींनी त्यानंतर खरोखरचं यंत्र बांधलं, त्याला रेड-एक असं नाव (हे पायरीचं नाव नव्हे, यंत्राचं). १९८९ मध्ये सनचा एक वर्कस्टेशन सर्व्हर घेतला, त्याला २८ डिस्क जोडल्या. यातली एकटी डिस्क सेकंदाला १.३ एमबी देऊ शकायची. मग २८ डिस्कनी किती द्यावे? तुम्ही मनात गुणाकार केला असेल. प्रत्यक्षात प्रोग्रामच्या हातात पडले जास्तीत जास्त २.३ एमबी. अठ्ठावीस डिस्क, आणि पोहोचतंय ते दोन डिस्कएवढंसुद्धा नाही! डिस्कची चूक नव्हती. डिस्कवरून आलेला मजकूर सर्व्हरच्या मेमरीत एकदा उतरवायचा, मग तिथून उचलून प्रोग्रामच्या मेमरीत पुन्हा उतरवायचा, या हमालीतच मेमरीचा दम निघत होता. हे त्यांनी लपवलं नाही, मोजून छापलं. आणि पुढच्या यंत्रात, रेड-दोनमध्ये, मजकुराला सर्व्हरच्या मेमरीला वळसा घालून थेट नेटवर्ककडे नेणारी वेगळी वाट काढून दिली. जगातल्या पहिल्या रेड यंत्रांपैकी एकाचा हा अनुभव. आपल्या निबंधातला फसलेला आकडा असा सरळ छापायला धाडस लागतं, हे मी सध्या अनुभवाने सांगू शकतो.

घरात रेड आलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. प्रॉमिस नावाच्या कंपनीचं फास्टट्रॅक कार्ड मिळायचं, त्याला साध्या आयडीई डिस्क जोडून रेड करता यायचं. त्याच कंपनीचं दुसरं स्वस्त कार्ड होतं, त्यावर एक छोटा रेझिस्टर सोल्डर करून आणि महागड्याचं बायोस चढवून लोक त्याचं रेड कार्ड करायचे. (आपल्याकडच्या जुगाडाची मक्तेदारी आपलीच आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही माहिती.) २००० साली अबिटचे केटी७-रेड सारखे मदरबोर्ड आले, रेडची चिप बोर्डावरच. २००३ पासून इंटेलने आपल्या चिपसेटमध्येच सोय दिली आणि रेड-० म्हणजे बायोसमधला एक पर्याय होऊन बसला. बर्कलीत ज्याला सबंध सर्व्हर लागला होता ते आता फुकट.

आणि फरक पडत होता का? मोठी फाइल सलग वाचताना, हो, दुप्पटीच्या जवळपास. पण घरचा कॉम्प्युटर दिवसभर जे करतो ते सलग वाचन नसतं. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना हजारो बारीकसारीक तुकडे इथून तिथून वाचले जातात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हेड योग्य जागी सरकायला आणखी ८-९. एका तुकड्याला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला पाऊणशे तुकडे. दुसरी डिस्क आणली म्हणून पहिलीचं हेड लवकर सरकत नाही. दोन माणसं लायब्ररीत पाठवली तर दोन पुस्तकं एकदम येतील, पण एकच पुस्तक हवं असेल तर ते निम्म्या वेळात येणार नाही.

२००४ च्या जुलैमध्ये आनंदटेक या अमेरिकन संकेतस्थळाने (आता बंद पडलं, २०२४ मध्ये) वेस्टर्न डिजिटलच्या दोन रॅप्टर डिस्क, मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या, म्हणजे त्या वेळच्या घरगुती डिस्कमधल्या राजधानी एक्सप्रेस, रेड-० मध्ये बांधून तपासल्या. रोजच्या कामांत फरक नगण्य, खेळ उघडायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. घरच्या कॉम्प्युटरवर रेड-० ला जागा नाही, असा त्यांनी स्पष्ट निष्कर्ष काढला. वाचकांना तो फारसा रुचला नाही. बेंचमार्कच्या पट्टीवर मोठा आकडा दिसत असताना घड्याळावर कोण विश्वास ठेवतो?

मग एसएसडी आली आणि सगळा डाव बदलला. म्हणजे बदलायला हवा होता.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये इंटेलने एक्स२५-एम बाजारात आणली. ८० जीबी, किंमत ५९५ डॉलर. सलग वाचनाचा वेग सेकंदाला २५० एमबी, तेव्हाच्या चांगल्या हार्ड डिस्कच्या दुप्पट-अडीचपट. पण खरी क्रांती ती नव्हती. खरी गोष्ट ही की तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, सरकणं नाही. एक छोटा तुकडा आणायला १२ मिलिसेकंदांऐवजी सुमारे ०.१ मिलिसेकंद. शंभरपट फरक! ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा जुन्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी घातली असेल त्यांना तो क्षण आठवत असेल. मशीन नवंकोरं वाटायचं. आणि लगेच सगळ्यांच्या मनात तोच विचार : एकीने एवढं, तर दोनींनी किती? २००९ मध्ये सॅमसंगच्या एका जाहिरातवजा व्हिडिओत २४ एसएसडी एका कॉम्प्युटरला जोडून सेकंदाला २ जीबीचा आकडा गाठला होता. आमच्या हॉस्टेलवर तो व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला असेल देव जाणे.

गोम इथे आहे. एसएसडी आतून काय असते? फ्लॅशची एक चिप काही फार वेगवान नसते. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर अनेक चिपांवर एकदम काम वाटतो. त्या पहिल्या एक्स२५-एममध्ये दहा वाटा होत्या, दहाही समांतर चालणाऱ्या. मजकुराचे तुकडे पाडायचे, वेगवेगळ्या चिपांवर पसरायचे, वाचताना सगळ्यांना एकदम हाका मारायच्या. ओळखीचं वाटतंय ना? हे रेड-० च आहे, फक्त अडीच इंची डबीच्या आत. सँडफोर्स नावाच्या कंपनीच्या कंट्रोलरमध्ये तर एखादा फ्लॅशचा तुकडा बिघडला तर बाकीच्यांवरून मजकूर परत काढायची सोयही होती. त्याला त्यांनी 'रेझ' नाव दिलं होतं, आणि ते नाव कुठून सुचलं असेल ते सांगायला नको. बर्कलीची कल्पना घरी आधीच पोहोचली होती, डबीत बंद होऊन. एकाच मालिकेतली मोठी एसएसडी छोटीपेक्षा बरेचदा वेगवान असते, तेही याचमुळे : जागा जास्त म्हणजे चिपा जास्त, चिपा जास्त म्हणजे हात जास्त. त्यामुळे दोन टीबीची एक घेणं हेच एक प्रकारे दोन एक-टीबींचं रेड घेणं आहे, जोखीम न वाढवता.

मग डबीबाहेर आणखी एकदा रेड केल्याने काय होतं? आता स्वयंपाकघरात चला. पुरणपोळ्या चालल्यात, लाटणारी व्यक्ती एकच. तवा पूर्वी चुलीवरचा होता, एका पोळीला पाच मिनिटं घ्यायचा. तेव्हा लाटणारी तव्याकडे बघत बसायची. हार्ड डिस्कचा जमाना. मग असा तवा आणला की पोळी टाकली की झाली. आता तवाच लाटणारीची वाट बघतो. अशा वेळी शेजारी तसाच दुसरा तवा मांडलात तर पोळ्या दुप्पट होतील का? घरचे प्रोग्राम सहसा असेच असतात : एक तुकडा मागतात, तो आला की बघतात, त्यावरून ठरवतात पुढचा कुठला हवा, मग तो मागतात. एका वेळी एक-दोन मागण्या, फार तर चार. शिवाय तुकडे बारीक, बरेचसे ४ केबीचे, आणि रेड-० चा पट्टा असतो ६४ किंवा १२८ केबीचा. म्हणजे एक तुकडा सबंध एकाच एसएसडीवर सापडतो. दुसरी रिकामी. शेकडो लोक एकदम मागण्या करतात त्या सर्व्हरची गोष्ट वेगळी. तिथे लाटणाऱ्या शंभर असतात.

२०१५ च्या सुमारास एनव्हीएमई एसएसडी घरात आल्या. एकटी सेकंदाला २,५०० एमबी वाचणारी सॅमसंग ९५० प्रो त्याच वर्षीची. दोन जोडल्या तर पाच हजार? इंटेलच्या तेव्हाच्या नेहमीच्या बोर्डावर त्या दोन्ही चिपसेटला जोडल्या जायच्या आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ताच सेकंदाला चार जीबीच्या आतला. दोन नळ जोडले, पाइप एकच. रेड-एकच्या सर्व्हरच्या मेमरीची ही धाकटी बहीण. पुढे थेट प्रोसेसरला जोडायच्या सोयी आल्या, पण तोवर एकट्या एसएसडीच सेकंदाला सात हजार एमबीच्या घरात गेल्या होत्या.

वेग कुठे अडतो याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण डिस्कचं नाहीच. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन हा खेळ उघडायला काही मशीनवर सहा-सहा मिनिटं लागायची. खेळ २०१३ चा. वर्षानुवर्षं लोक एकमेकांना सल्ला देत होते : एसएसडी घे, अजून वेगवान घे, रेड कर. २०२१ च्या फेब्रुवारीत एका खेळाडूने, जो प्रोग्रामरही होता, खेळाचा कोड उलगडून बघितला. खेळातल्या दुकानातल्या सुमारे ६३,००० वस्तूंची १० एमबीची एक यादी खेळ सुरू होताना वाचत होता. दहा एमबी! ती डिस्कवरून यायला लागणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याहून कमी. पण ती यादी वाचणारा कोड असा लिहिला होता की प्रत्येक वस्तूला तो उरलेला सगळा मजकूर शेवटापर्यंत मोजत जायचा, पुन्हा पुन्हा. प्रोसेसरचा एकच गाभा घाम गाळत होता, बाकीचे आणि डिस्क आरामात. त्याने स्वतःपुरती दुरुस्ती केली तर सहा मिनिटांचे एक मिनिट पन्नास सेकंद झाले. कंपनीने त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं आणि मार्चमध्ये दुरुस्ती सगळ्यांना पाठवली. या लोकांपैकी ज्यांनी खेळासाठी रेड-० केलं असेल त्यांचे पैसे ते ४० सेकंदसुद्धा वाचवू शकले नसतील.

आता माझं पाप. २०१३ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मी इंटर्नशिपच्या पैशांतून तपकीर गल्लीत जाऊन १२० जीबीच्या दोन एसएसडी आणल्या आणि रेड-० केलं. बेंचमार्कचा आकडा हजाराच्या जवळ गेला, त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. विंडोज सुरू व्हायला मात्र आधीपेक्षा तीन-चार सेकंद जास्त लागायचे, कारण रेडचं बायोस सुरुवातीला डिस्क शोधत बसायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी दोघींपैकी एक एसएसडी दिसेनाशी झाली. कुठला आवाज नाही, सूचना नाही. दुसरी ठणठणीत होती, पण तिच्यात प्रत्येक फाइलचे एकाआड एक पट्टे. पुस्तकाची फक्त विषम पानं हातात राहावीत तसं. प्रोजेक्टचा रिपोर्ट मेलमध्ये होता, वाचला. त्या महिन्यात मावशीने डिजिटल करून घ्यायला दिलेल्या कॅसेटवरचा व्हिडिओ मात्र तेवढ्यापुरता म्हणून तिथेच ठेवला होता. कॅसेटला आधीच बुरशी धरली होती. व्हिडिओ निघाला म्हणून ती टाकून दिलेली. तो व्हिडिओ होता याच मावसभावाच्या मुंजीचा.

दोन एसएसडींपैकी एकही गेली की सगळं जातं; प्रत्येकीची वर्षभरात जाण्याची शक्यता १ टक्का धरली तर जोडीची जवळपास २ टक्के. हे १९८८ च्या निबंधातलंच ३०० तासांचं गणित, छोट्या प्रमाणात. मग रेड-१ करावं का, असं तुम्ही विचाराल. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये एवढीच अपेक्षा असेल तर जरूर करा. पण तो बॅकअप नव्हे : चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. आणि इथे माझ्या स्वतःच्या विषयाचा, फ्लॅशच्या झिजेचा, संबंध येतो. फ्लॅश लिहून लिहून झिजते. हार्ड डिस्क बऱ्याच अंशी आपापल्या नशिबाने मरतात, पण एकाच दिवशी घेतलेल्या आणि कायम तेच तेच लिहिल्या गेलेल्या दोन एसएसडी सारख्याच झिजत जातात. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी यावर एक सुंदर उपाय सुचवला. रेडमधल्या एसएसडींवर लेखनाचा भार मुद्दाम कमी-जास्त टाकायचा, म्हणजे त्या वेगवेगळ्या वेळी म्हाताऱ्या होतील. त्याला त्यांनी 'डिफरन्शियल रेड' म्हटलं. माझं दुसरं प्रकरण ज्या निबंधांभोवती फिरतं त्यातला हा एक.

तर सांगलीचा हिशोब. भावाचे कॅमेरे सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड करतात, म्हणजे १२.५ एमबी. लग्नात तीन कॅमेरे, तिन्ही एकदम टाइमलाइनवर टाकले तरी सेकंदाला ३७.५ एमबी. साधी साटा एसएसडीसुद्धा ५०० च्या आसपास देते. दुप्पट कशाची करायची? त्याचं मशीन अडतं ते आवळून ठेवलेला व्हिडिओ उलगडताना, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर. त्याला मी एडिटिंगसाठी हलक्या प्रॉक्सी फाइल बनवायला सांगितल्या आणि एका रात्रीत त्याची निम्मी तक्रार मिटली. उद्या तो सिनेमाच्या कॅमेऱ्याचं न आवळलेलं ८के फुटेज हाताळायला लागला, किंवा रोज शेकडो जीबी एका वेगवान डिस्कवरून दुसरीवर हलवायला लागला, तर मी हा सल्ला बदलेन. तिथे सलग वाचन-लेखन हेच काम असतं आणि रेड-० आपला पगार कमावतं, अर्थात मूळ प्रत दुसरीकडे सुरक्षित असेल तर.

त्याने शेवटी दोन टीबीची एकच एसएसडी घेतली. दोन एसएसडींतून वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून चार टीबीची साधी हार्ड डिस्क आणली, तिच्यावर दर रविवारी सगळी लग्नं उतरवून ठेवतो आणि ती कपाटात ठेवतो. कोणाचं तरी लग्न त्याच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर असतं, ते पुन्हा लागत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मुंजीचं त्याला आजवर असं माहीत आहे की कॅसेट बुरशीने गेली. मावशीने ते तसंच राहू दिलंय. हा लेख मी त्याला आज संध्याकाळी पाठवणार आहे.